सातवे स्थळ, मौजे सावरखळे

पायाखालच्या मातीस आणि पुढल्या वाटेस दंडवत. जी स्थळे उभी आहेत त्यांस एकदा, जी पडली त्यांस दोनदा आणि जी दिसतच नाहीत त्यांस तीनदा मस्तक लववून हकीकत लिहितो ती येणेप्रमाणे. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सर, चैत्र मास. ते समयी या राज्यावर जे महाराज होते ते स्वभावे गोड, खाण्याचे शौकीन आणि पाहुण्यांचे मोठे हौशी. राज्याचे नाव लिहीत नाही. ज्याचे आहे त्यास ठाऊक आहे. तर त्या साली समुद्रापलीकडील कोणी थोर पाहुणे तीन दिवसांचे मुक्कामास आले, आणि दरबारच्या एकेका सरदाराने त्यांस आग्रह करकरून आपापले सासुरवाडीस नेले, आणि पाहुण्यांनी तीन दिवसांत अकरा आमराया, सहा नव्या विहिरी आणि एक साखर कारखाना पाहिला, मग निघतेसमयी अदबीने विचारिले की, "आपल्या राज्यात किल्ले आहेत ऐसे ऐकून आलो होतो, ते कोणीकडे असतात?" महाराज बहुत खजील जाहले. पाहुणे गेल्यावर दरबार भरविला आणि हुकूम फर्माविला, "राज्यात पाहण्याजोगी सात स्थळे निवडा. चार इतिहासाची, तीन निसर्गाची. त्यांची यादी छापा आणि देशोदेशी पाठवा. आणि यादीत जे स्थळ जैसे वर्णिले असेल तैसेच ते राखले जावे. कागद एक बोलतो आणि डोळे दुसरेच पाहतात ऐसे घडल्यास खात्याची खैर नाही." हे शेवटले बोलणे वाचणाराने ध्यानी ठेवावे, कां की पुढे जे बिघडले ते त्यानेच बिघडले. त्याने आणि माझ्या लेखणीने.

मग पाहणीची स्वारी सिद्ध जाहली. स्वारीत चौघे. एक स्थलदर्शन खात्याचे मुख्य अच्युतराव. गृहस्थ वाईट नव्हेत, परंतु घाई फार, आणि मोटारीतून न उतरता जितके दिसेल तितकेच स्थळ त्यांचे मते पाहण्याजोगे. दुसरे पुराणवस्तूंचे जाणकार नीळकंठशास्त्री. दगड दिसला की भिंग काढीत आणि माणूस दिसला की भिंग खिशात ठेवीत. तिसरा वाट दाखविणारा भागोजी ढेबे. वय सत्तरीपुढे, अंगाने काटक, डोईस मळकट पटका, चाळीस वर्षे पाहुण्यांस डोंगर दाखवून पायांस वाट पाठ. आणि चौथा यादी लिहिणारा मी. माझे नाव सांगण्याजोगे नाही. अक्षर बरे होते आणि विशेषणे मुबलक होती, इतकीच माझी योग्यता.

त्या भागोजीची स्थळ दाखविण्याची तऱ्हा न्यारी. गडावर नेले तो महादरवाजाकडे बघू देईना, आधी टाक्यापाशी बसविले आणि ओंजळीने पाणी पाजिले आणि म्हणाला, "आदी पानी प्या, मग गड बगा. तहानलेल्या मानसाला नुसतं दगूडच दिसत्यात." आणि खरेच, ते थंडगार पाणी पोटात गेल्यावर तोच तट निराळा दिसो लागला. लेण्यात विजेरी विझवावयास लावी आणि हळूच एक हुंकार देई, आणि दगड तो हुंकार घोळवून घोळवून परत देत. सांजवेळी पश्चिमेच्या कड्यावर सगळे जग मावळता सूर्य बघावयास जाते. याने आम्हांस सूर्याकडे पाठ करून बसविले. अच्युतराव करवादले, "अरे, सूर्य तिकडे आहे!" तर म्हणतो, "सूर्य काय सायेब, तुमच्या गावातबी बुडतोय. त्यो आमच्या तटावर कसा चढतोय ते बगा." मग त्या काळ्या तटावर खालून वर तांबूस रंग चढत गेला, आणि बुरुजाच्या माथ्यावर क्षणभर थांबला आणि गेला. आज त्या टाक्यास जाळी बसली आहे आणि पाणी बाटलीत मिळते. लेण्यात निळे तांबडे दिवे लागले आहेत, आणि कड्यावर सूर्याकडे तोंड करून बसण्यास सिमेंटची बाके आहेत. कोणाचे काही चुकले ऐसे म्हणत नाही. परंतु ते चैत्राचे दिवस आठवले की मी अजून सूर्याकडे पाठ करून बसतो, हे लिहिण्यास मला लाज नाही.

ऐसी पाच स्थळे निवडिली. गड, सागरी कोट आणि लेणी ही इतिहासाची, तटावर रंग चढतो तो कडा आणि पांढऱ्या वाळूचा किनारा ही निसर्गाची. सहावा धबधबा निवडावयास गेलो तो चैत्रात तेथे थेंब नाही, दोन म्हशी सावलीस बसलेल्या. अच्युतरावांनी काचेआडूनच मान हलविली आणि गाडी वळविली. म्हणजे इतिहासाचे एक आणि निसर्गाचे एक ऐसी दोन ठिकाणे रिकामी राहिली. तेव्हा भागोजी प्रथमच स्वतःचे बोलला. पटका काढून हाती घेतला आणि म्हणाला, "सायेब, येक माजं गाव बगा. मौजे सावरखळे. मग काय लिवायचं त्ये लिवा."

त्या गावची हकीकत ऐसी. सदतीस वर्षांमागे नदीवर धरण जाहले आणि सावरखळे पाण्याखाली जावयाचे ठरले. लोकांनी घरे मोडिली, वासे नि दारे गाड्यांत घालून दूर माळावरचे नवे वसाहतीस नेली. ग्रामदैवत भैरोबा, त्यासही न्यावयाचे म्हणून गुरवाने कौल लाविला, तो तीनही वेळा डावे अंगाचे फूल पडले. देव म्हणाला, येत नाही. मग लोक रडले आणि देवास पाण्यात ठेवून गेले. परंतु दरसाल वैशाखात पाणी उतरते आणि वीस दिवस सावरखळे वर येते. देऊळ, दीपमाळ, पार, आणि घरांची गुडघाभर जोती. तेव्हा माळावरून सारे लोक येतात, आणि ज्याने त्याने आपापल्या जोत्यावरचा गाळ काढावा, शेणाने सारवावे, उंबऱ्यापाशी रांगोळी घालावी आणि आपल्या जुन्या चुलीवर एक वेळचे रांधून जेवावे, ऐसा रिवाज पडला. वीस दिवस सरले की पाणी चढते आणि सगळे पुन्हा झाकते. आता पाटबंधाऱ्याचे लोकांनी भिंत आणखी उंच करण्याचा बेत केला होता. भिंत चढली की गाव पुन्हा वर यावयाचे नाही. भागोजी म्हणाला, "यादीत लागलं तर कुनी बदलायचं न्हाय, असा म्हाराजांचा हुकूम हाये न्हवं? मग आमचं तेवढं लावा. वीस दिस द्या. बाकीचं वरीस पान्यालाच हाये." अच्युतराव म्हणाले, "बघू." आणि वैशाख शुद्ध दशमीस जावयाचे ठरले.

इतके ठरले आणि तेथेच घोळ जाहला. भागोजीने आनंदाच्या भरात पंधरा दिवस आधी वसाहतीस निरोप धाडिला की सरकारची स्वारी देऊळ बघावयास येते. आता सरकार यावयाचे आणि देव कळकट कैसा ठेवावा? लोक पोटास चिमटा घेऊन झटले. आम्ही दशमीस तळ्यात उतरलो आणि समोर पाहतो तो सातशे वर्षांचे काळ्या दगडाचे देऊळ पिवळे धमक! खांब हिरवे, वेलबुट्टी लाल, दीपमाळेस रुपेरी, शिखरावरच्या यक्षगणांस गुलाबी गाल आणि काळ्या मिशा, आणि दारावर मोठ्या अक्षरांत "सुस्वागतम्". ऑइलपेंट अजून ओला, वास दूरवर येत होता. आणि गावचे लोक नवी धोतरे, नवी लुगडी लेवून दोहों बाजूंस उभे, आणि त्यांची तोंडे अशी उजळलेली की लग्नघरी नसतील. नीळकंठशास्त्र्यांनी कपाळास हात लाविला आणि ते तसेच खाली बसले. मग उठून भिंग लाविले आणि भिंगावरच रंग लागला. म्हणाले, "अच्युतराव, हे देऊळ गेल्या सोमवारचे दिसते."

भागोजीने विचारिले, "सायेब, चांगलं न्हाय जालं?"

शास्त्री तापट खरे, परंतु त्या म्हाताऱ्याचे तोंड बघून त्यांचा आवाज उतरला. "भागोजी, बाबा, रंग चांगला आहे. पण यादी इतिहासाची आहे. रंगविलेली वस्तू घ्यावयाची नाही ऐसा कायदा आहे. हा रंग दगडाच्या पोटात गेला, आता निघावयाचा नाही. हे मी लिहू शकत नाही रे." मग भागोजी देवळापाशी गेला आणि एका खांबावर तळहात ठेवून उभा राहिला, आणि हात हिरवा होऊन आला.

मोटारीस जावयाचे तो वाटेत एका म्हातारीने आमची वाट अडविली. ही अंजनाआक्का, भागोजीची थोरली बहीण, गावातच दिलेली, वय ऐंशीचे आसपास. म्हणाली, "माज्या दारातनं कुनी उपाशी जायाचं न्हाय. या. आन वाका, दार ठेंगणं हाये." पाहतो तो दार कोठले! चौकट सदतीस वर्षांमागेच गाडीतून गेलेली. एक दगडी उंबरा, सारवलेले जोते, वर मोकळे आकाश. अच्युतराव सरळ चालू लागले तो आक्का दरडावून म्हणाली, "वाका की वो! मामंजी जलमभर डोस्कं आपटून घेत व्हते." मग खात्याचे मुख्य वाकले, शास्त्री वाकले, मी वाकलो, आणि नसलेल्या दारातून आत गेलो, आणि आत गेल्यावर, काय सांगो, घर असल्यासारखेच वाटले. नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले आणि खर्डा. अच्युतराव घाईचे माणूस, परंतु तिसरी भाकरी त्यांनीच मागितली. आक्का ताटापुढे बसून मला म्हणाली, "भाऊ, लिवनारा तूच न्हवं? आमचं नाव लागंल का रं?" मी तिचे खाल्ले होते. मी बोलून गेलो, "आक्का, लागेल. मी लावीन."

परतून राजधानीस आलो. इतिहासाचे रिकाम्या जागी महाराजांचे आजोबांची शिकारीची कोठी बसली, तेथे कोणाचेच चालले नाही. निसर्गाचे एक ठिकाण मात्र उरले. तेव्हा माझ्या डोक्यात युक्ती आली. अच्युतरावांस म्हणालो, "देऊळ नाही तर नाही, तलाव तर आहे. तलाव निसर्गात घालू, म्हणजे सावरखळ्याचे नाव लागते." त्यांस ती भाकरी आठवली असावी. म्हणाले, "घाल. आणि जरा झोकदार लिही, महाराज वाचणार आहेत." झोकदार लिहिणे ही माझी आवड आणि तीच माझी खोड. गड लिहिला तेव्हा तो गगनास भिडविला होता, कोठी लिहिली तेव्हा तिला संगमरवराचे जिने दिले होते (ते पुढे खरोखरच बसविले). लेखणी शाईत बुडविली आणि कान तृप्त होतील ऐसे लिहीत गेलो: "मौजे सावरखळे येथील सरोवर. बारमास काठोकाठ भरलेले, आरशासम निश्चळ, ज्याचे जळ कल्पांतीही ओसरत नाही." दोन वेळा वाचिले. फार बरे वाटले. वैशाखात मी त्याच सरोवराच्या तळाशी बसून भाकरी खाल्ली होती, आणि हे लिहिताना ती मला आठवली नाही. बखरकारांचे असेच आहे. शब्द गोड लागला की आम्हांस डोळ्यांची आठवण राहत नाही.

महाराज प्रसन्न जाहले, यादी छापली, देशोदेशी गेली. सावरखळ्याचे लोकांस कळले की नाव लागले, तेव्हा त्यांनी पेढे वाटिले, आणि आक्काने भागोजीच्या हाती मला खर्ड्याची बरणी धाडिली. ती बरणी संपली आणि शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सराचा वैशाख आला. पाटबंधाऱ्याचे लोकांनी यादी बारकाईने वाचिली होती. भिंत चढविण्यास त्यांस आता दुसरा हुकूम नलगे, यादी हाच हुकूम; वर्षाच्या आत भिंत चढली. काठोकाठ म्हणजे काठोकाठ. मी दशमीस सहज आनंदाने गेलो होतो, पंगतीस बसावे म्हणून. पाहतो तो काठावर सारे गाव उभे. हाती झाडू, शेणाच्या पाट्या, रांगोळीचे डबे, पराती. आणि समोर पाणी, आरशासम निश्चळ. आक्का परात कडेवर घेऊन अगदी पाण्याच्या कडेस उभी होती. मला पाहून म्हणाली, "भाऊ, आलास? बग की, औंदा पानी उतरंना. कदी उतरंल रं?" मी तेथेच मातीत बसलो आणि यादीतले ते बोल तिला वाचून दाखविले, आणि हे मी लिहिले आहे ऐसे सांगितले. ती म्हणाली, "तुला तर म्या वाढलं व्हतं रं." परात काठावर ठेविली आणि माळाकडे चालू लागली.

मग मी अर्ज केले. एक, दोन, सात अर्ज केले. महाराजांपुढे उभा राहून म्हणालो की ते वर्णन खोटे आहे, माझा हात कलम करावा परंतु पाणी उतरवावे. महाराज खरेच कळवळले. म्हणाले, "अरे, परंतु यादी पाच भाषांत गेली. लोक होड्या बघावयास येतात. आता कैसे करितोस?" अच्युतराव माझ्या बाजूने बोलले, शास्त्रीही बोलले, परंतु भिंत उभी ती उभीच. तेव्हा मी दरबारची चाकरी सोडिली. भागोजी मात्र सोडून गेला नाही. खात्याने तळ्यात होड्या घातल्या आणि पाहुण्यांस फिरविण्यास त्यालाच नेमिले. लोक म्हणाले, म्हातारा लाचार जाहला. मलाही क्षणभर तैसेच वाटले.

शके एकोणीसशे त्रेचाळीस, प्लवनाम संवत्सर, वैशाख शुद्ध दशमी. मी चोरासारखा जाऊन होडीत मागे बसलो. दहा बारा पाहुणे, त्यांत परदेशी चौघे, गळ्यांत कॅमेरे, हातांत माझी यादी. आणि पुढल्या फळीवर, फडक्यात काही बांधून, अंजनाआक्का. दोन वर्षे ती तळ्याकडे फिरकली नव्हती. त्या साली भावाने तिला पाया पडून आणिले होते. भागोजी वल्हवीत निघाला. तळ्याच्या मध्यावर त्याने वल्हे आवरिले आणि म्हणाला, "आता गावाची शीव लागली. पायतानं काडा." पाहुणे एकमेकांकडे बघू लागले, परंतु त्या आवाजात काही ऐसे होते की एकेकाने पायातले काढिले. मग तो हळूहळू होडी नेई आणि सांगे, हा पार, येथे सांजचे म्हातारे बसत. हे गुरवाचे घर, दारी पांढरा चाफा. ही भैरोबाची दीपमाळ. "देऊळ पिवळं हाये," म्हणाला, "आमीच रंगिवलं. चुकलं. पन अजून रंग गेला नसंल." आणि पाण्यावर तरंग नाही, पान नाही, काही नाही; आणि दहा बारा माणसे होडीच्या काठाशी जाऊन खाली बघत होती आणि एकाचाही कॅमेरा वर आला नाही. मग होडी थांबली. भागोजी म्हणाला, "आक्काचं घर आलं. वाका, दार ठेंगणं हाये." आणि सगळे वाकले. परदेशी वाकले, बायका वाकल्या, एक लठ्ठ व्यापारी पोट आवरून वाकला. मी वाकलो तो मान वर करवेना.

तेव्हा आक्काने फडके सोडिले. नाचणीच्या भाकरी, आणि वर खर्डा. एकेकाच्या हातावर तुकडा ठेवीत ती होडीतून मागे मागे आली आणि म्हणत गेली, "माज्या दारातनं कुनी उपाशी जायाचं न्हाय." ऐसे करीत माझ्यापाशी आली. मला ओळखिले. थांबली. मी हात पुढे केला नाही. कोणत्या तोंडाने करावा! तिने माझा हात धरून उलटा केला, भाकरी ठेविली आणि म्हणाली, "खा. घरात आलाईस."

हकीकत संपली. त्यानंतर यादी पुन्हा छापावयाची आली, तेव्हा अच्युतरावांनी मला घरून बोलाविले आणि सातव्या स्थळाचा मजकूर नव्याने लिहावयास दिला. म्हणाले, "पाणी काही उतरत नाही. शब्द तेवढे बदल." बैठक घालून बसलो, सगळी विशेषणे दूर ठेविली, आणि लिहिले ते आज तैसेच छापलेले आहे: मौजे सावरखळे. पाणी आहे. खाली गाव आहे. पायताण काढून जावे, आणि वाकावे.